नांदूरमध्यमेश्वर: आधी पाणी विचारा, मग गाडी काढा

दिवाळी उलटली की नाशकातल्या आमच्या सोसायटीत कुणी ना कुणी मला विचारतंच, "पक्षी बघायला नांदूरमध्यमेश्वरला कधी जाऊ?" त्यांना तारीख हवी असते. मी सांगते, तारीख सोडा, पाणी किती आहे ते विचारा.

कारण हे आपोआप झालेलं तळं नाही. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात, १९०७ ते १९१३ च्या दरम्यान, कालव्यांसाठी बंधारा बांधला. त्यामागे गाळ साचत गेला, उथळ पाणी आणि बेटं तयार झाली, त्यांवर पाणगवत माजलं आणि पक्षी यायला लागले. १९८६ मध्ये अभयारण्य झालं. २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून नाव जाहीर झालं. पण बंधाऱ्याची नोकरी अजून तीच: वरून गंगापूर-दारणा धरणांचं पाणी घ्यायचं आणि डाव्या-उजव्या कालव्यांतून कोपरगाव, राहात्याकडे सोडायचं. म्हणजे पक्ष्यांचं वेळापत्रक पाटबंधारे खातं ठरवतं म्हणा ना.

पाणी तुडुंब असलं की बेटं बुडतात आणि बदकं पार मधोमध जाऊन बसतात, दुर्बिणीतूनही ठिपकेच. पाणी उतरलं की चिखल उघडा पडतो, मग शेकाटे, तुतवार, शराटी, चमचे काठाशी येतात. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, तर उथळ पाण्याशिवाय उतरतच नाही. त्यामुळे फक्त रोहितासाठी जाणार असाल तर डिसेंबरची घाई करू नका, फेब्रुवारीनंतर बघा, आणि तरीही दिसेलच असं धरून चालू नका. तलवार बदक, थापट्या, चक्रवाक, हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब यांच्यासाठी डिसेंबर-जानेवारी उत्तम. आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडणं, चालू आहे का, हे निफाडकडच्या एखाद्या द्राक्षवाल्या नातेवाइकाला फोन करून विचारा. असा नातेवाईक नसलेलं घर नाशकात विरळाच.

जायचं कसं? नाशकाहून संभाजीनगर रोडने चांदोरी, तिथून उजवीकडे वळून गोदावरीचा पूल ओलांडला की सायखेडा, आणि पुढे विचारत विचारत चापडगाव. साधारण ४० किलोमीटर. स्वतःची गाडी काढा, एसटीच्या भरवशावर पहाट गाठता येत नाही. थंडीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, तेव्हा सहाच्या आत घर सोडा. पण गाडी दामटू नका: धुकं असतं, आणि उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवा असेलच असं नाही. निफाडची थंडी म्हणजे काय ते पेपरात दरवर्षी वाचता ना, मग कानटोपी घ्या. कपडे मातकट रंगाचे. लाल जॅकेट घालून आलेल्या पाहुण्यांना मी सरळ आमची जुनी शाल गुंडाळायला लावते.

चापडगावला तिकीट काढलं की गावातला गाईड घ्या. घासाघीस करू नका. कुठल्या बेटावर आज काय बसलंय हे त्या पोरांना ठाऊक असतं, तुमच्या मोबाइलला नाही. दुर्बीण विकत घेणार असाल तर ८ बाय ४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) पुरे. जास्त पॉवरची घेतली की हात थरथरतो आणि सगळं तळं नाचतं. सूर्य पाठीशी राहील असं उभं राहा, नाहीतर सगळे पक्षी काळेच दिसतील.

पक्षी बघायच्या मनोऱ्यावर चढलं की लोक लगेच लांबचं शोधायला लागतात. आधी पायाखालच्या गवतात बघा. जांभळी पाणकोंबडी तिथेच असते. ती चोचीने पाणगवताचा कोंब उपटते, एका पायाच्या लांब बोटांत धरते, वरची साल सोलते आणि आतला मऊ गर खाते. पुरतं होईपर्यंत एका पायावर उभी. आमच्या सासूबाई गुडघ्यांमुळे वर चढत नाहीत. त्यांच्यासाठी खाली घडीची खुर्ची टाकते, आणि हळदीकुंकू बदक सगळ्यांत आधी त्यांनाच सापडतं: काळ्या चोचीचं टोक पिवळं, कपाळाशी लाल ठिपके.

थापट्या ओळखायला सोपा, चोच उलथन्यासारखी. त्यांची टोळी गोल गोल फिरत पाणी ढवळते आणि चोचीतून गाळून बारीक जीव खाते. हे बघायला निदान दहा मिनिटं एका जागी थांबायला लागतं. ज्यांना ते जमत नाही त्यांना मी पुन्हा नेत नाही.

साडेदहानंतर ऊन चढतं, पाण्यावर चकाकी येते, आणि रविवार असला तर सहलीच्या बसही येतात. तेव्हा डबा उघडा. बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा. प्लास्टिकच्या पिशव्या न्यायच्याच नाहीत. मिसळ परतीच्या वाटेवर खा. सकाळी आधी मिसळ खाऊन निघणारे आठला पोहोचतात आणि वर मलाच विचारतात, पक्षी कुठे आहेत?