काचेच्या रॅकसाठी लोखंड की ॲल्युमिनियम?

रत्नागिरीत काचेचं दुकान, म्हणजे खारी हवा पाचवीलाच पुजलेली. टेम्पोवरचा लोखंडी रॅक वेल्डिंगच्या सांध्यांत गंजला, आणि पावसात गंजाचे ओघळ थेट गिऱ्हाइकाच्या आरशावर!

फॅब्रिकेटर म्हणाला, पुन्हा लोखंडच घ्या, स्वस्तात पडेल. पण १२ मिमी काच चौरस मीटरला ३० किलो भरते, वर रॅकचं ओझं. ॲल्युमिनियम साधारण एक तृतीयांश वजनाचं. मात्र त्याच मापात ते लोखंडाच्या जवळपास तिप्पट वाकतं, म्हणून ६०६१-टी६ या मजबूत ॲल्युमिनियम मिश्रधातूचे मोठ्या मापाचे, जाड चौकोनी पाईप घेतले. वेल्डिंगने त्याची ताकद उतरते, म्हणून सांधे स्टेनलेसच्या बोल्टने जोडले, खाली नायलॉनचे वॉशर. लोखंडी चासीवर बसतं तिथे रबराची पट्टी हवीच, नाहीतर खाऱ्या ओलाव्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियमच आधी खाल्लं जातं. खर्च वाढला, पण ओघळ थांबले.