पाणी तपासल्याशिवाय रब्बीचा पहिला पाट सोडू नये

भाताची सुगी आटोपली की बेळगावच्या बळ्ळारी नाल्याच्या आणि मार्कंडेय नदीच्या काठच्या शिवारांत मसूर, हरभरा, वाटाणा आणि भाजीपाल्याची लगबग सुरू होते, आणि नेमक्या याच दिवसांत दरवर्षी एकच हयगय घडते. बियाणे हातात घेऊन पारखले जाते, खताच्या पोत्यावरचे आकडे वाचले जातात, परंतु ज्या पाण्यावर पीक तगणार आहे त्याची एक बाटलीही न तपासता मोटार सुरू केली जाते. नंतर पानांच्या कडा करपल्या की दोष बियाण्यावर, थंडीवर किंवा शेजाऱ्याच्या फवारणीवर जातो.

नदीच्या पाण्याबद्दल काठच्या गावांत शंका बोलून दाखवली जाते ती बहुधा उन्हाळ्यात, दुर्गंधी सुटल्यावर. शेतीच्या दृष्टीने धोका त्याच्या बराच आधी सुरू होतो. शहराचे सांडपाणी बारा महिने जवळपास सारखेच येते. पावसाळ्यात ते पुराच्या पाण्यात विरते, आणि पाऊस ओसरून नदीची धार बारीक झाली की तेच सांडपाणी कमी पाण्यात मिसळून दाट होते. म्हणून पावसाळ्यात काढलेला चांगला अहवाल मार्गशीर्षात उपयोगाचा नाही. या आठवड्यात दुसरे काम मागे राहिले तरी चालेल, परंतु पाण्याचा नमुना आधी द्यावा.

नाल्याचे काळे पाणी पिकाला मानवते, असे काठावरचे अनेक शेतकरी सांगतात, आणि त्यात अर्धे सत्य आहे. शहरी सांडपाण्यात लिटरमागे साधारण 20 ते 40 मिलिग्रॅम नत्र असते. एका एकरात 5 सेंटिमीटर पाणी दिले तर ते सुमारे दोन लाख लिटर होते. त्यात 30 मिलिग्रॅम धरले तरी प्रत्येक पाळीला 6 किलो नत्र, म्हणजे 13 किलो युरिया, आपोआप पडतो. हरभऱ्याला आणि मसुराला हे नत्र नको असते: झाड हिरवेगार माजते, फुलोरा लांबतो, घाटे कमी धरतात आणि ओल टिकून मर रोग वाढतो. भात याच कारणाने लोळतो. तरीही वरून युरिया टाकणारे मी दरवर्षी पाहतो, कारण पाण्यात काय आहे हे त्यांनी कधी मोजलेलेच नसते.

क्षारांचा हिशेब याहून कठोर आहे. पाण्याची विद्युत वाहकता (EC, म्हणजे विरघळलेले क्षार किती ते दाखवणारा आकडा) 1.5 डेसिसिमेन्स असेल तर त्याच एका पाळीत एकरी सुमारे 190 किलो क्षार जमिनीत जातात. बेळगाव, खानापूरकडे पुढचा पावसाळा त्यातले बरेच धुऊन नेतो. गोकाक, अथणीच्या कमी पावसाच्या काळ्या जमिनीत ते साचत राहतात.

नमुना पुढीलप्रमाणे घ्यावा. मोटार 10 ते 15 मिनिटे चालू द्यावी, एक लिटरची स्वच्छ प्लास्टिक बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी, काठोकाठ भरून घट्ट झाकावी, तिच्यावर जागा, तारीख आणि वेळ लिहावी व शक्य तो 24 तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावी. औषधाची रिकामी बाटली कितीही धुतली तरी वापरू नये. तपासणी कोठे होईल याची चौकशी होबळीच्या (महसूल मंडळाच्या) रयत संपर्क केंद्रात, म्हणजे कृषी खात्याच्या कार्यालयात, किंवा मत्तीकोप्प व तुक्कानट्टी येथील कृषी विज्ञान केंद्रांत करावी. एकाच बंधाऱ्यावरून पाणी उचलणाऱ्या चार-पाच जणांनी मिळून एक नमुना दिला तरी चालतो.

अहवाल कन्नडमध्ये आला म्हणून तो घडी घालून ठेवू नये, कारण पाहायचे ते आकडेच असतात. वाहकता 0.7 डेसिसिमेन्सपर्यंत (काही अहवालांत 700 मायक्रोसिमेन्स लिहितात, अर्थ एकच) असेल तर कोणतेही पीक घ्यावे, 0.7 ते 3 या टप्प्यात पीक निवडून घ्यावे; 3 च्या वर ते पाणी पिकाला देऊ नये. घेवडा, गाजर, कांदा ही पिके क्षारांपुढे सर्वांत नाजूक आहेत, बटाटा व कोबी मध्यम, तर गहू आणि जोंधळा बरेच सोसतात. सोडियमचे गुणोत्तर (SAR, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती) 10 च्या आत असावे. शेष सोडियम कार्बोनेट (RSC, लिटरमागे मिलिइक्विव्हॅलंट या एककात) 1.25 पर्यंत सुरक्षित समजावे आणि 2.5 च्या वर गेल्यास जिप्समशिवाय ते पाणी वापरू नये.

जिप्समचा हिशेब दुकानात न विचारता घरी करावा. शेष कार्बोनेट एका एककाने उतरवण्यासाठी 5 सेंटिमीटरच्या पाळीला एकरी सुमारे 17 किलो शुद्ध जिप्सम लागते. अहवालात 4 आले आणि ते 2.5 वर आणायचे असेल तर 26 किलो, आणि जिप्सम 80 टक्के शुद्धतेचे असेल तर 33 किलो. हे काम पाव लिटरच्या बाटलीतले ‘भूसुधारक’ करील असे कोणी सांगत असेल, तर जिप्सममध्ये काम करते ते कॅल्शियम त्यात किती किलो आहे एवढे त्याला विचारावे. घेवड्याच्या एका प्लॉटवर सूक्ष्म अन्नद्रव्ये, मग बुरशीनाशक, मग ह्युमिक अशा तीन बाटल्या रिकाम्या झालेल्या मी पाहिल्या आहेत. चौथ्या खेपेला पाणी मोजले, तेव्हा ते घेवड्याला झेपणारे नव्हतेच.

अहवाल येईपर्यंत घरची एक चाचणी करावी. ही माझ्या सवयीची आहे, शिफारशीतली नाही. जे पेरायचे त्याच बियाण्याचे शंभर दाणे नदीच्या पाण्यात भिजवलेल्या गोणपाटात आणि शंभर दाणे पिण्याच्या पाण्याच्या गोणपाटात गुंडाळावेत, व सातव्या दिवशी कोंब मोजावेत. पंधराहून अधिक फरक पडला तर मी पहिले पाणी थांबवतो. सकाळी वरंब्याच्या माथ्यावर पांढरी झाक दिसणे आणि पाटातले गांडूळ नाहीसे होणे या खुणाही मला सहसा फसवत नाहीत.

पाणी मध्यम निघाल्यास उगवणीचे व रोपांचे पहिले पाणी विहिरीचे द्यावे आणि नदीचे पाणी पुढे आलटून पालटून वापरावे, कारण पिकाचे कोवळे वयच क्षारांना बळी पडते. नाल्यालगतची विहीर मात्र चांगलीच असेल असे गृहीत धरू नये. तिचाही नमुना द्यावा, आणि दोन्ही नमुने मार्चमध्ये पुन्हा द्यावेत.

कोथिंबीर, मेथी, गाजर, मुळा अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना सांडपाणी मिसळलेले पाणी देऊ नये. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी गाजराचे गठ्ठे नाल्यात बुडवून धुण्याची पद्धत तर ताबडतोब बंद व्हावी. अशा पाण्यात काम करताना गमबूट घालावेत.

नेहमीची कामे:
हरभरा बीजप्रक्रिया: ट्रायकोडर्मा किलोला 4 ग्रॅम, नंतर रायझोबियम.
हरभऱ्याची शेंडे खुडणी: पेरणीनंतर 30 ते 35 दिवसांनी.
घाटेअळी: एकरी 2 कामगंध सापळे, 5 टक्के निंबोळी अर्क.
कोबी: कीड ओढून घ्यायला कडेने मोहरीच्या ओळी.

नदीत अचानक फेस आला, रंग बदलला किंवा मासे तरंगू लागले, तर मोटार त्याच क्षणी बंद करावी. पाण्याला हात न लावता त्याच तासात दोन बाटल्या भराव्यात, वेळ लिहून छायाचित्र काढावे, एक बाटली तपासणीस द्यावी, दुसरी थंड जागी ठेवावी आणि ग्रामपंचायत व राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या बेळगाव येथील कार्यालयास लेखी कळवून पोच घ्यावी. सकाळ होईपर्यंत ते पाणी पुढे घटप्रभा नदीच्या दिशेने निघून गेलेले असते आणि दुसऱ्या दिवशीच्या नमुन्यात त्याचा मागमूस राहत नाही.