कागदावरचा रस्ता, खात्यातून गेलेले पैसे: एसीबीकडे जाण्याआधीची तयारी

तक्रार लिहायला बसण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि त्यावर एकच आकडा लिहा: सार्वजनिक पैशातले नेमके किती रुपये गेले. तो लिहिता येत नसेल, तर तक्रारीची वेळ अजून आलेली नाही. "लाखोंचा भ्रष्टाचार झाला आहे, सखोल चौकशी व्हावी" एवढाच मजकूर असलेला अर्ज लाचलुचपत प्रतिबंधक विभागात, म्हणजे एसीबीत, बहुधा दप्तरी दाखल होतो, म्हणजे कारवाईविना बंद होतो. अपहार सिद्ध करणं आणि पैसा परत आणणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्याचा पाया पहिल्याच अर्जात घालावा लागतो, आणि तो आकड्याचा असतो. इथली तयारी ग्रामपंचायतीच्या कामांसाठी सांगितली आहे. नगरपालिकेत किंवा जिल्हा परिषदेत कागदांची नावं थोडी बदलतात, क्रम तोच राहतो.

आधी कामं निवडा. गावात पंधरा कामांबद्दल कुजबुज असेल, तरी दोन किंवा तीनच घ्या, ज्यांचं बिल निघालं आहे आणि जागेवर फरक डोळ्यांना दिसतो आहे. प्रत्येक कामाची फाइल, मोजमाप पुस्तिका (अभियंत्यानं घेतलेल्या मापांची वही) आणि बँकेचा उतारा तपास अधिकाऱ्याला वेगळा ताब्यात घ्यावा लागतो. पंधरा कामांचा अर्ज म्हणजे पंधरा चौकश्या, आणि त्यातली एक कच्ची निघाली की बाकीच्यांवरही तेच पाणी पडतं.

मग कागद. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारण १५० शब्दांत, म्हणून प्रत्येक कामाचा अर्ज वेगळा. प्रमाणित प्रती मागा, नुसत्या झेरॉक्स नकोत. यादी अशी: ग्रामसभेचा किंवा मासिक सभेचा ठराव, अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदेची किंवा दरपत्रकांची फाइल, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, देयक (बिल) आणि प्रमाणक (व्हाउचर), नमुना ५ म्हणजे रोकडवहीची त्या महिन्यांची पानं, पूर्णत्वाचा दाखला आणि उपयोगिता प्रमाणपत्र. मुदत ३० दिवसांची. उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प लागतो. पुष्कळ लोक इथं एक चूक करतात: सगळे कागद ग्रामपंचायतीकडेच मागतात, आणि "अभिलेख उपलब्ध नाही" असं एका ओळीचं उत्तर घेऊन बसतात. मोजमाप अभियंत्यानं घेतलेलं असतं, म्हणून तोच कागद बांधकाम उपविभागाकडेही मागा, आणि निधी कोणत्या हप्त्यात आला ते पंचायत समितीकडे मागा. दोन ठिकाणांहून आलेल्या प्रती एकमेकींशी जुळल्या नाहीत, तर तो फरक स्वतःच पुरावा असतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला खर्च असेल तर ई-ग्रामस्वराज पोर्टलवर प्रमाणक क्रमांक आणि रक्कम घरबसल्या दिसते. तक्रारीचा सुगावा लागण्याआधी त्या पानाची छापील प्रत काढून ठेवा.

कागद हाती आले की पहिली वाचनफेरी फक्त तारखांसाठी करा. अंदाजपत्रक, मान्यता, आदेश, मोजमाप, देयक, पैसे अदा, हा क्रम एका ओळीत मांडा. कार्यारंभ आदेशाच्या आधीचं सिमेंटचं बिल, पावसाळ्याच्या ऐन भरात दाखवलेलं डांबरीकरण, काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यानंतर महिन्याभरानं आलेली खडीची वाहतूक पावती, ही विसंगती कोणत्याही जबाबापेक्षा जास्त बोलते. दुसरी फेरी नावांसाठी. तीन दरपत्रकं तीन दुकानांची, पण अक्षर एकाच हाताचं किंवा जीएसटी क्रमांक एकच, हे नेहमी सापडतं. वाहन क्रमांक तर आवर्जून तपासा. बिहारच्या चारा घोटाळ्यात गुरं आणि चारा वाहून नेल्याचे जे ट्रक बिलांत दाखवले होते, त्यांचे काही क्रमांक स्कूटरचे निघाले होते. परिवहन विभागाच्या नोंदीत वाहनाचा प्रकार पाहायला फार वेळ लागत नाही. तिसरी फेरी दुबार कामासाठी: तोच रस्ता एकदा वित्त आयोगातून आणि एकदा ग्रामविकासाच्या २५१५ लेखाशीर्षाखाली (सरकारी हिशेबातलं निधीचं खातं), फक्त नाव बदलून. "मारुती मंदिर ते शाळा" आणि "शाळा ते मारुती मंदिर" ही दोन कामं वाटतात, जमीन एकच असते. याच फेरीत कामाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा ई-निविदेच्या मर्यादेखाली ठेवला आहे का, तेही पाहा.

आता जागेवर जा, दोन साक्षीदार आणि ३० मीटरची टेप घेऊन. लांबी एकदा मोजा, रुंदी दर २५ मीटरवर मोजून सरासरी काढा. समजा मोजमाप पुस्तिकेत काँक्रीटचा रस्ता २०० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर जाड आहे. म्हणजे ९० घनमीटर काँक्रीटचे पैसे दिले गेले. जागेवर तो १८० मीटर, २.७ मीटर आणि १० सेंटिमीटर भरला, तर काँक्रीट ४८.६ घनमीटरच आहे. ४१.४ घनमीटरला अंदाजपत्रकातल्या दरानं गुणा, तुमचा आकडा तयार. जाडीच्या बाबतीत मात्र जपून बोला. कडेला दिसणारी जाडी फसवू शकते, पक्कं मोजमाप कोअर कटिंगनंच, म्हणजे यंत्रानं आरपार गोल नमुना कापूनच ठरतं. ते स्वतः करू नका, रस्ता खोदू तर नकाच. सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान केल्याचा उलटा गुन्हा तुमच्यावर लागेल आणि नमुन्याला किंमतही राहणार नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २ (ञ) मध्ये साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क आहे, तो वापरा. अर्जात लिहायचं ते एवढंच: "कडेला जाडी अंदाजे १० सेंटिमीटर दिसते, कोअर कटिंग करून खात्री व्हावी."

फोटो काढताना चौकटीत न हलणारी खूण हवी: शाळेची पाटी, विजेचा खांब, विहीर. टेपचा आकडा वाचता येईल एवढ्या जवळून एक, परिसर दिसेल असा लांबून एक. मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवलेली प्रत दाबली जाते, तिच्यातली वेळ-ठिकाणाची माहिती निघून जाते आणि बचावपक्षाला आयता मुद्दा मिळतो. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदलली की बदलणारा तिचा डिजिटल ठसा, द्यावी लागते. म्हणून फोन विकू नका, फॉरमॅट करू नका.

अर्ज दोन ते तीन पानांचा पुरे. पहिल्या परिच्छेदात काम, वर्ष, निधीचं लेखाशीर्ष आणि गेलेली रक्कम. पुढे प्रत्येक विसंगती आणि तिच्यापुढे जोडपत्राचा क्रमांक. कोणाची सही कुठे आहे ते लिहा, कोण चोर आहे ते लिहू नका. ते ठरवण्याचं काम तपासाचं आहे, आणि विशेषणं वाढली की राजकीय वैराचा वास येतो. स्वतःचं नाव, पत्ता आणि सही द्या, नाव गुप्त ठेवण्याची विनंती त्यातच करा. अर्ज एसीबीच्या जिल्हा कार्यालयात पोलीस उपअधीक्षकांकडे हातानं द्या, आवक क्रमांक घ्या. १०६४ हा टोल फ्री क्रमांक आहे, पण कागदपत्रांची तक्रार फोनवर मांडता येत नाही. एकच अर्ज दहा कार्यालयांना पाठवण्याची सवय फार घातक आहे: सगळीकडून तो "उचित कार्यवाहीसाठी" खाली खाली सरकतो आणि शेवटी ज्याच्या सहीनं बिल निघालं त्याच टेबलावर येऊन पडतो.

अर्ज दिल्या दिवशी गुन्हा दाखल होईल अशी अपेक्षा ठेवू नका. ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली दखलपात्र गुन्ह्यात एफआयआर बंधनकारक ठरवली, पण भ्रष्टाचाराच्या प्रकरणांत प्राथमिक चौकशीला मोकळीक ठेवली. एसीबीत ती गोपनीय किंवा उघड चौकशीच्या रूपानं होते. शिवाय २०१८ च्या दुरुस्तीनं भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमात कलम १७अ आलं. लोकसेवकानं कामाच्या ओघात केलेली शिफारस किंवा घेतलेला निर्णय हाच गुन्ह्याचा विषय असेल, तर चौकशीआधी सक्षम प्राधिकाऱ्याची मान्यता लागते. त्यासाठी तीन महिने, आणि कारण नोंदवून आणखी एक महिना मिळतो. याच चार महिन्यांत मोजमाप पुस्तिका "गहाळ" होते आणि रस्त्यावर रातोरात नवा थर पडतो. प्रमाणित प्रती आणि तारखेचे फोटो आधी जमवायचे ते यासाठीच.

गुन्हा दाखल झाला की तपास उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करतो, किंवा शासनानं अधिकार दिलेला निरीक्षक. अपहारासाठी अधिनियमाचं कलम १३(१)(अ) आणि लोकसेवकाच्या विश्वासघातासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६(५) लागतं. १ जुलै २०२४ च्या आधीचं कृत्य असेल तर जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ४०९. तारीख चुकली की कलम चुकतं. पथक मूळ दप्तर पंचनाम्यानं ताब्यात घेतं, सह्यांचे नमुने हस्ताक्षर तज्ज्ञाकडे जातात, दुसऱ्या कार्यालयातला अभियंता फेरमोजणी करतो. ऑनलाइन पैसे अदा झाले असतील तर "माझी डीएससी (डिजिटल सही) ऑपरेटरकडेच असायची" हा ठरलेला बचाव पुढे येतो. तुमच्याकडे त्या दिवशीची मासिक सभेची उपस्थिती किंवा खर्चाला मंजुरी देणारा ठराव असेल, तर तो इथं कामी येतो.

वसुलीकडे लोक शेवटी बघतात, आणि तिथंच पैसा निसटतो. ठेकेदाराच्या खात्यात आलेली रक्कम दोन-चार दिवसांत रोख काढली जाते, मग ती पत्नीच्या नावच्या प्लॉटमध्ये किंवा भावाच्या ट्रॅक्टरमध्ये जाते. म्हणून पुरवणी अर्जात मालमत्तेची माहिती द्या: गट क्रमांक, सातबारा, मालमत्तापत्रक, वाहन क्रमांक, आणि प्रत्येकापुढे खरेदीची तारीख. ऐकीव गोष्टी नकोत, नोंदणी कार्यालयातून मिळणारी सूची २ ची, म्हणजे खरेदीखताच्या गोषवाऱ्याची नक्कल जोडा. एवढ्या माहितीवर तपास अधिकारी बँक खाती गोठवू शकतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०७ खाली पोलीस अधीक्षकांच्या मान्यतेनं जप्तीसाठी न्यायालयात जाता येतं. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम १८अ मुळे १९४४ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अध्यादेशाचा मार्गही आहे, आणि त्याची ताकद अशी की पैसे लपवण्यासाठी दुसऱ्याच्या नावावर फिरवलेल्या मालमत्तेपर्यंतही पोचता येतं.

फौजदारी खटला वर्षानुवर्षं चालतो, तोवर प्रशासकीय वसुली थांबवायची गरज नसते. गटविकास अधिकारी आणि मुख्य कार्यकारी अधिकारी यांच्याकडे स्वतंत्र अर्ज करून जबाबदारी निश्चित करण्याची मागणी करा, विशेष लेखापरीक्षण मागा. रक्कम ठरली की ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होऊ शकते, सातबाऱ्यावर बोजा चढतो. ठेकेदाराची सुरक्षा अनामत अजून परत गेली नसेल तर ती लगेच रोखायला सांगा, सगळ्यात सोपी वसुली तीच. अधिकारी निवृत्तीला आला असेल तर घाई करा: निवृत्तिवेतन नियम १९८२ च्या नियम २७ प्रमाणे निवृत्तीनंतर नव्यानं सुरू होणारी विभागीय चौकशी चार वर्षांपेक्षा जुन्या घटनेसाठी करता येत नाही.

मध्येच कोणी गुपचूप पैसे भरून पावती आणील आणि "आता मिटलं" म्हणेल. पैसे येऊ द्यात, पण तक्रार मागे घेऊ नका. तात्पुरता अपहार हाही अपहारच, भरणा केल्यानं गुन्हा पुसला जात नाही. धमकी आलीच तर साक्षीदार संरक्षण योजना २०१८ खाली जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अर्ज करता येतो. चौकशी दाबण्यासाठी कोणी लोकसेवक लाच मागत असेल तर ती वेगळी तक्रार आहे, त्यासाठी मात्र १०६४ लगेच फिरवा.

मालमत्ता जप्त झाली असेल, तर निकालाच्या आधी सरकारी वकिलांना लेखी आठवण द्या. १९४४ च्या अध्यादेशाच्या कलम १२ प्रमाणे, जप्तीचा आदेश न्यायालयाच्या नजरेस आणून दिला तर शिक्षा सुनावताना गुन्ह्यातून किती रक्कम मिळवली याचा निष्कर्ष नोंदवावा लागतो. तो आकडा निकालात नसेल तर जप्त मालमत्तेतून किती घ्यायचं यावर पुन्हा वाद सुरू होतो. आणि पैसे भरले गेल्याचं कळलं की चलनाची प्रत मागा, त्यावरचं लेखाशीर्ष तपासा. रक्कम कोषागारात सामान्य जमेत गेली असेल तर गावाच्या रस्त्यासाठी ती पुन्हा मिळवायला ग्रामसभेचा ठराव घेऊन वेगळा प्रस्ताव पाठवावा लागतो.