घरात कोणी प्यायला लागलं आणि वाडी कारणं सांगायला आली की काय करायचं

आमच्या सिंधुदुर्गात एखादा रोज पिऊन पडायला लागला की कारण सांगायला अख्खी वाडी ओट्यावर हजर. करणी झाली, मुंबईत संगत बिघडली, बायको धड नाही, बापाचंच रक्त, मन कमकुवत. ऐकून घ्या, वाद घालू नका, पण त्या कारणावर उपाय काय सांगतायत ते नीट ऐका कारण खरी वाट तिथेच लागते.

करणी म्हणाले तर देवळात गाऱ्हाणं घाला खुशाल, घरच्यांना धीर येतो, पण त्याच दिवशी दारू एकदम बंद करायची शपथ घालू नका. ज्याचे सकाळी हात थरथरतात आणि उठल्या उठल्या घोट लागतो त्याची दारू अचानक तुटली की दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, घामाने भिजतो, आणि तेच बघून लोक म्हणतात बघा भूत निघतंय! भूतबित काही नाही, जीव जाऊ शकतो, लगेच दवाखान्यात न्या.

रक्ताचं निम्मं खरंय. जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं की दारूच्या व्यसनाचा साधारण अर्धा धोका आनुवंशिक असतो. बाकीचं मग कोणत्या वयात सुरुवात झाली, किती सहज मिळते, डोक्याला काय ताप आहे यावर. काजूच्या सीझनला हुर्राक (काजूच्या बोंडांची दारू) दारात, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद म्हणजे खलाशाला हाताला काम नाही. त्यामुळे ‘का पितोस’ पेक्षा ‘कधी जास्त होते’ हे विचारा, तेही सकाळी शुद्धीत असताना. माझ्या चुलतभावाला आम्ही वर्षभर ‘का’ विचारत बसलेलो, तो दरवेळी नवीन कारण द्यायचा.

‘लगीन करा तेचा, सुधारतलो’ हा सल्ला तर ऐकूच नका, दुसऱ्याची पोरगी कशाला बुडवायची.

आणि चहातून गुपचूप द्यायचं औषध कोणी आणून दिलं तर फेकून द्या. त्यात डायसल्फिरामसारखी गोळी असली आणि तो वरून प्यायला तर उलट्या, छातीत धडधड, बीपी खाली, माणूस दगावूही शकतो. ती गोळी त्याला सांगून, डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायची असते.

डॉक्टर कुठला गाठायचा कळत नसेल तर १४४४६ ला फोन करा, सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, फुकट, पिणारा तयार नसला तरी घरच्यांनी केला तर चालतो.