मुलांना दुरुस्ती शिकवताय? मग या चुका टाळा

पोरांना दुरुस्ती शिकवायला पुढे येणारे वाढलेत, छान आहे. पण दर वेळी त्याच त्या चुका बघून आता कंटाळा आलाय.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे "आण इकडे, मी करून देतो." हे पाप मीही केलंय. आठवीतल्या एका मुलीने टेबल फॅन आणला होता. चालू केला की नुसता गुणगुणायचा, पात्याला काडीने ढकललं की फिरायला लागायचा. मी ऐटीत "कपॅसिटर गेलाय" म्हणालो (मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा भाग), नवा टाकला, पाच मिनिटांत काम फत्ते. पोरगी खूश, मी त्याहून खूश. पुढच्या आठवड्यात तिने दुसरा पंखा आणला आणि माझं लक्ष नसताना थेट कपॅसिटरच बदलला. पंखा ढिम्म. प्लग काढून तिला शाफ्ट, म्हणजे पाती बसतात तो दांडा, हाताने फिरवायला सांगितला, तर तो हलेना. तो ज्यात फिरतो त्या बुशमधलं तेल वाळून चिकट झालं होतं. चूक माझीच, आधी शाफ्ट फिरवून बघतात, हे मी तिला दाखवलंच नव्हतं. तेव्हापासून मी हात पाठीमागे बांधून उभा राहतो. वेळ जातो, जाऊ दे. प्लग काढलाय का, कपॅसिटर डिस्चार्ज केलाय का, म्हणजे त्यात साठलेली वीज काढून टाकलीय का, एवढं मात्र स्वतः बघतो. तिथे लाड नाहीत.

सुरुवातीलाच पृथ्वी वाचवण्याचं भाषण नको. या वयाच्या पोरांना उपदेशाचा वास लांबूनच येतो. त्यापेक्षा दोन वस्तू उघडायला द्या: एक स्क्रूची, एक गोंदाने चिकटवलेली. दुसरीचं कव्हर तडकलं की "हे असं बनवलं कोणी?" हे तीच विचारतात. मग डिझाइनवर बोला. फ्रान्समध्ये २०२१ साली फोन, लॅपटॉप विकताना ते दुरुस्तीला किती सोपे याचे दहापैकी गुण दाखवणं बंधनकारक झालं. मी मुलांना तसेच गुण द्यायला लावतो. स्वतःच्या लाडक्या फोनला दोन देताना चेहरे बघण्यासारखे होतात.

सगळे स्क्रू एकाच वाटीत टाकू देऊ नका. आखूड स्क्रूच्या जागी लांब पिळला की खालचा बोर्ड गेलाच. मी कागदावर वस्तूचं चित्र काढून स्क्रू जागच्या जागी चिकटवायला सांगतो.

फुगलेली लिथियम बॅटरी टोचायची नाही, दाबायची नाही. यावर चर्चा नाही.

आणि पहिल्याच दिवशी मोबाइल उघडायचाय म्हणणाऱ्यांच्या हातात मी बंद पडलेली टॉर्च देतो. तिच्यातली गंजलेली स्प्रिंग पॉलिश पेपरने घासून दिवा लागला, की मग बघू.