सॉफ्टवेअर घेण्याआधी नोंदी बाहेर काढून पाहा

ठाण्यातील लहान रुग्णालयाने रुग्णांच्या नोंदी ठेवणारे सॉफ्टवेअर निवडताना विक्रेत्याच्या सादरीकरणावर विसंबू नये. काही काल्पनिक रुग्णांच्या नोंदी भरून त्या एफएचआयआर (आरोग्य नोंदी एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्याचे आंतरराष्ट्रीय मानक) स्वरूपात बाहेर काढून मागाव्यात, कारण केंद्र सरकारच्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधील आरोग्य नोंदींची देवाणघेवाण याच मानकावर चालते. नुसती पीडीएफ हाती आली, तर पुढे सॉफ्टवेअर बदलताना जुन्या नोंदी अडकून पडतात. ‘ठाकूर’ हे आडनाव इंग्रजीत मुद्दाम दोन स्पेलिंगने टाकावे आणि १४ अंकी आभा क्रमांकावरून (याच मिशनमधील रुग्णाचा आरोग्य ओळख क्रमांक) ती एकच व्यक्ती ओळखली जाते का, ते पाहावे. प्रयोगशाळेतील यंत्राचा निकाल आपोआप येतो की तंत्रज्ञाला टाइप करावा लागतो, हे यंत्र प्रत्यक्ष जोडूनच तपासावे (तोंडी होकार सगळेच देतात) आणि त्या जोडणीचा खर्च करारात स्वतंत्र लिहून घ्यावा.