बोटीमागे ओढायचा मेटल डिटेक्टर कमी खर्चात कसा बनवावा

बुडालेला नांगर किंवा हातातून निसटलेलं बोटीचं इंजिन शोधायला महागडं यंत्र लागतंच असं नाही. नाणी-अंगठ्या मात्र विसरा. इथली कॉइल, म्हणजे धातू हेरणारं वायरचं वेटोळं, मीटरभर रुंद आहे; एवढ्या मोठ्या कॉइलला त्या कळत नाहीत.

सर्किट पल्स इंडक्शन प्रकारचंच घ्या, म्हणजे कॉइलमध्ये विजेचे छोटे झटके सोडून प्रत्येक झटक्यानंतर धातूचा प्रतिसाद ऐकणारं. खाऱ्या पाण्यातून स्वतः वीज वाहते, त्यामुळे साध्या व्हीएलएफ (कमी वारंवारतेच्या सलग लहरींवर चालणाऱ्या) डिटेक्टरला ते त्रास देतं. पल्समध्ये पाण्याचा प्रतिसाद लवकर विरतो आणि मोठ्या धातूचा टिकतो. तयार किट पुरेसं आहे.

आधी कॉइल. फळीवर 1 मीटर व्यासाचं वर्तुळ आखून खिळे ठोका आणि 0.75 चौरस मिमीच्या इन्सुलेटेड तांब्याच्या वायरचे 10 वेढे घ्या. वायर साधारण 32 मीटर लागेल, इंडक्टन्स (सर्किटशी कॉइल जुळते का हे सांगणारं माप) 300 मायक्रोहेन्रीच्या आसपास येईल. वेढे टेपने करकचून बांधा. सैल वेढे पाण्यात थरथरतात आणि कानात नुसती खरखर येते. मग बागेच्या पाण्याचा पाइप उभा चिरून त्यावर चढवा आणि आत इपॉक्सी ओता. इपॉक्सी हळूहळू, एकाच बाजूने ओतायचं, म्हणजे हवा अडकत नाही.

केबलवर काटकसर नको. सबमर्सिबल पंपाची 1.5 चौरस मिमीची केबल उत्तम, कारण ती पाण्यात राहण्यासाठीच बनलेली असते. लांबी 15 मीटरच्या आत ठेवा: केबल वाढली की कपॅसिटन्स (तिच्यात वीज साठण्याची क्षमता) वाढतो आणि सर्किटला सिग्नल वाचायला जास्त थांबावं लागतं. एवढ्या केबलमध्ये सर्किट आणि बॅटरी बोटीवर कोरडी राहतात, वॉटरप्रूफ डब्याचा खर्च वाचतो. कॉइलकडचा जोड सोल्डर करून इपॉक्सीतच पुरा.

फ्रेम पीव्हीसी पाइपची करा, कॉइल तिला नायलॉन टायने बांधा. एकही स्क्रू नको, स्टेनलेससुद्धा नाही. पाइपांना भोकं पाडा, नाहीतर आतल्या हवेने फ्रेम तरंगेल. मागे प्लॅस्टिकच्या पत्र्याचं शेपूट लावलं की ती सरळ चालते. ओढ वेगळ्या दोरावर घ्या, केबल त्याला थोडी ढिली बांधा. शिशाचं वजन दोरावर, कॉइलच्या 3-4 मीटर पुढे. जवळ बांधलंत तर डिटेक्टर दिवसभर तेच शिसं शोधत बसेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, तळापासूनची उंची. कॉइलच्या आकाराच्या मानाने दूर असलेल्या वस्तूचं अंतर दुप्पट झालं की सिग्नल साधारण 64 पट घटतो. सर्किट सुधारण्यात आठवडे घालवण्यापेक्षा कॉइल तळापासून मीटरभरावर चालवायला शिका. उंची दोराच्या लांबीने आणि वेगाने साधते: वेग वाढला की कॉइल वर येते. ताशी 3-4 किमी पुरे, आणि 4-5 मीटर खोलीपर्यंतच अपेक्षा ठेवा.

प्रत्यक्ष शोधाआधी कॉइल समुद्रातच बुडवून, जवळ धातू नसताना, आवाज शांत होईपर्यंत डिले (झटक्यानंतर सिग्नल वाचण्याआधी सर्किट थांबतं तो वेळ) वाढवा. मग दोर बांधलेली लोखंडी प्लेट उथळ पाण्यात टाकून तिच्यावरून फेऱ्या मारा. शोधताना समांतर पट्टे धरा, दोन पट्ट्यांत दीड मीटर अंतर. आवाज आला की जीपीएसवर खूण करा, पण कॉइल बोटीच्या दहा-बारा मीटर मागे असते हे धरूनच. तीच जागा उलट दिशेने ओलांडा. वस्तू दोन खुणांच्या साधारण मध्ये असते.

जुनी जहाजं, तोफा अशा वस्तूंना बहुतेक ठिकाणी कायद्याचं संरक्षण असतं, तेव्हा परवानगी आधी. आणि दोर पाण्यात असेपर्यंत बोट रिव्हर्समध्ये घेऊ नका, तो थेट पंख्यात जातो.